अलिप्ततेचे आजचे प्रयोजन



रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत परराष्ट्र धोरणावरील भाषण ठेवावे, हे कित्येकांना काहीसे विलक्षण वाटण्याचा संभव आहे. हा विषय दिल्लीचा, विद्यापीठांचा, फार तर वृत्तपत्रांच्या अग्रलेखांचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाळीच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु रबाळ्याहून पश्चिमेकडे पाहावे. ठाण्याच्या खाडीपलीकडे भांडुप-कांजूरचा किनारा आहे आणि त्यामागे पवई. त्याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या लागतात. अलीकडच्या तीराने खाली गेले की न्हावा-शेवाचे बंदर आणि त्याही पुढे मुंबई हायचा वायू जेथे किनाऱ्यावर उतरतो ते उरण. भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा इतिहास ग्रंथांतून पुष्कळ लिहिला गेला आहे. तो यंत्रांच्या आणि पोलादाच्या रूपाने पाहावयाचा असेल तर या खाडीच्या परिसराइतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल.

प्रथम एक जुना गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे. स्वित्झर्लंडसारखा देश युद्धात कोणाचीच बाजू घेत नाही, ती तटस्थता. अलिप्त राष्ट्राने बाजू घेऊ नये असे कोणीही कधी सांगितलेले नाही. सुएझच्या प्रश्नावर १९५६ मध्ये भारताने स्वच्छपणे इजिप्तची बाजू घेतली होती. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाबाबत तो कधीच मुका राहिला नाही. बाजू कोणती घ्यावयाची हे आधीच करार करून दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे नाही, एवढाच अलिप्ततेचा अर्थ होता. बांडुंग येथे एप्रिल १९५५ मध्ये आशिया-आफ्रिकेतील २९ राष्ट्रे एकत्र आली आणि सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला २५ राष्ट्रांची पहिली अलिप्त परिषद भरली, तेव्हा नेहरू, टिटो, नासेर, सुकार्नो आणि एन्क्रुमा यांना अभिप्रेत असलेला मुद्दा हाच होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांजवळ पैसा नव्हता, सैन्यबळ नव्हते, कारखानेही नव्हते. जवळ होता तो केवळ निर्णयाचा अधिकार, आणि तोच गहाण ठेवण्यास ती तयार नव्हती.

पवईपासून तारापूरपर्यंत

हा अधिकार राखण्याची रीत मात्र फार व्यवहारी होती. पवईच्या तंत्रविद्या संस्थेचेच पाहा. ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. तिच्या पवई येथील वास्तूची कोनशिला १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. युनेस्कोमार्फत तिला सोव्हिएत संघाचे साहाय्य मिळाले; तेथून यंत्रसामग्री आली आणि अध्यापक व तज्ज्ञही आले. त्याच सुमारास कानपूरच्या संस्थेला अमेरिकी विद्यापीठांचे, मद्रासच्या संस्थेला पश्चिम जर्मनीचे आणि थोड्या अवधीने दिल्लीच्या संस्थेला ब्रिटनचे साहाय्य लाभले. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकाच देशातील चार संस्थांना परस्परांशी वैर धरून बसलेल्या गटांनी हातभार लावावा, हे दृश्य जगात इतरत्र सहसा दिसले नसते. आणि या चारही संस्थांतून बाहेर पडलेल्या अभियंत्याच्या पदवीवर शिक्का मात्र भारताचाच होता.

ट्रॉम्बेची कथाही अशीच आहे. तेथील अप्सरा ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. ती भारतीयांनी बांधली, तिचे इंधन ब्रिटनचे होते. १९६० मध्ये चालू झालेली सायरस कॅनडाच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले. मुंबई हायच्या समुद्रतळाचे सर्वेक्षण साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झाले. तेथे १९७४ मध्ये तेल लागले ते जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरंगत्या वेधनमंचावरून. माझगाव गोदीने बांधलेली ‘गोदावरी’ ही युद्धनौका डिसेंबर १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली. ब्रिटिश लिअँडर जातीच्या नौकेवरून भारतीय आरेखकांनी तिचा आराखडा वाढवून तयार केला होता, तिच्यावरील क्षेपणास्त्रे सोव्हिएत बनावटीची होती आणि हेलिकॉप्टरे ब्रिटिश. दोन गटांची यंत्रे एका सांगाड्यात एकमेकांशी बोलती करणे हे काम सोपे नव्हते. माझगावच्या कामगारांनी आणि नौदलाच्या अभियंत्यांनी ते करून दाखविले. राजनीतिज्ञांच्या भाषणांतील अलिप्तता त्यांच्या हाती जोडकामाची आणि तारांच्या जुळणीची समस्या होऊन आली होती.

एवढे ऐकून कोणास वाटेल की दोन्ही दारांनी भिक्षा मिळविण्याची ही एक चतुर युक्तीच होती. टीकाकारांनी तसे म्हटलेही आहे. या आक्षेपाचे उत्तर तारापूरने दिले, आणि ते बरेच महाग पडले.

तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पूर्वी ते रबाळ्याप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होते. तेथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र उभारण्यासाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. बांधणी अमेरिकी कंपनीने करावी, त्यासाठी कर्ज अमेरिकेने द्यावे आणि पुढील ३० वर्षे समृद्ध युरेनियमचा पुरवठाही अमेरिकेनेच करावा, असे ठरले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना ती मिळत असे. ही भट्टी अशा प्रकारची होती की तिला समृद्ध युरेनियमच लागे, आणि ते तयार करण्याची सोय त्या वेळी भारतात नव्हती. म्हणजे दार एकच होते, आणि त्याची किल्ली वॉशिंग्टनमध्ये होती.

१८ मे १९७४ रोजी पोखरणचा पहिला स्फोट झाला. कॅनडाने सहकार्य थांबविले. अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला: ज्या देशाची सर्वच्या सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन देता येणार नाही. हा कायदा पंधरा वर्षांपूर्वी झालेल्या करारालाही लावण्यात आला. तारापूर स्वतः तपासणीखाली होतेच. प्रश्न ट्रॉम्बेसारख्या इतर केंद्रांचा होता. अण्वस्त्रप्रसारबंदीचा १९६८ चा करार पाच राष्ट्रांना शस्त्रे बाळगण्याचा परवाना देतो आणि उरलेल्यांना बंदी करतो, ही विषमता भारताला मान्य नव्हती. इंधनासाठी ती मान्य करावी, की विजेवर पाणी सोडावे, असा पेच पडला. काही खेपा रखडत-रखडत आल्या. त्यानंतर १९८२ च्या अखेरीस फ्रान्सशी बोलणी पूर्ण होऊन तेथून इंधन येऊ लागले. पुढे १९९५ मध्ये ते चीनने पुरविले आणि २००१ मध्ये रशियाने. दरम्यान भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियममिश्रित इंधन तारापूरच्या भट्टीत वापरून पाहिले. परराष्ट्र धोरणाच्या दृष्टीने या साऱ्या घटनाक्रमात विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फ्रान्सचे दार ऐन वेळी उघडू शकले ते आधीपासून कोणत्याही एका गटाचे बिरूद भारताने अंगावर घेतलेले नव्हते म्हणून. आणि भट्टी मधल्या काळात थंड पडली नाही, याचे श्रेय राजदूतांइतकेच ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेला द्यावे लागेल.

यशवंतरावांची दोन प्रवासवर्णने

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणाने देश हादरलेला असताना, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, या शब्दांत मराठी माणसाने त्या प्रसंगाची आठवण जतन केली आहे. परंतु त्यानंतरची एक कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. मे १९६४ मध्ये यशवंतराव शस्त्रसाहाय्यासाठी अमेरिकेस गेले. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-१०४ ही आधुनिक लढाऊ विमाने दिली होती. तशीच भारतासही मिळावीत, ही मागणी होती. दौरा चालू असतानाच नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि त्यांना परतावे लागले. विमाने मिळाली नाहीत. त्याच वर्षी उन्हाळा सरल्यावर यशवंतराव मॉस्कोस गेले आणि सप्टेंबरमध्ये मिग-२१ विमानांच्या भारतातील उत्पादनाचा करार पक्का करून आले. नाशिकजवळील ओझर येथे विमान कारखाना उभा राहिला तो याच योजनेतून. द्राक्षांच्या तालुक्यात विमानाचे पंखे आणि सांगाडे घडविणारे कुशल कामगार तयार झाले.

एकाच वर्षात वॉशिंग्टन आणि मॉस्को अशी दोन्ही दारे ठोठावणारा हा मंत्री पुढे १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होता, आणि १९७६ ची कोलंबो येथील अलिप्त परिषद त्याच काळात झाली. ज्याला मिळविण्यासाठी दोन ठिकाणी जाता येते त्यालाच एका ठिकाणचा नकार पचविता येतो, हे यशवंतरावांनी अनुभवाने जाणले होते असे त्यांच्या त्या दोन दौऱ्यांवरून म्हणावयास हरकत नाही.

अर्थात या धोरणाचे सारेच हिशेब जमेच्या बाजूस पडतात असे नव्हे. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा भारताचा स्वर सुएझच्या वेळेइतका खणखणीत नव्हता. त्याचे समर्थन त्या वेळीही सोपे नव्हते आणि आजही नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला, तेव्हा अलिप्तता संपली असे अनेकांनी जाहीर केले. बांगलादेशाचा प्रश्न आणि अमेरिका-चीन यांची नवी जवळीक यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, हे खरे; तरीही पारडे झुकले होते, हेही खरे. १९६२ मध्ये बहुतेक अलिप्त मित्रांनी भारतावरील आक्रमणाचा स्पष्ट शब्दांत निषेध करण्याचे टाळले. इराण आणि इराक हे दोघेही अलिप्त चळवळीचे सभासद असून १९८० पासून आठ वर्षे आपसांत लढले. त्या युद्धामुळेच बगदादला ठरलेली सातवी परिषद मार्च १९८३ मध्ये दिल्लीस भरवावी लागली. चळवळ ही एक वस्तू आणि धोरण ही दुसरी. चळवळीचा लौकिक उणा झाला म्हणून धोरणाची गरज उणी होते असे नाही, ही गोष्ट चर्चेच्या भरात नेहमी निसटते.

अन्नाच्या बाबतीतला धडा तर जुन्या पिढीने ताटात पाहिला आहे. रेशनच्या दुकानातील तांबडा गहू आणि मिलो ज्यांना आठवतो त्यांना अधिक सांगणे नको. अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेखाली गहू येत असे. १९६५-६६ च्या लागोपाठच्या दुष्काळांत त्याची एकेक खेप वॉशिंग्टनहून मोजून-मापून सोडली जाऊ लागली, आणि व्हिएतनाममधील बाँबवर्षावावर भारताने नापसंती व्यक्त केली तेव्हा हा हात आणखी आखडला. पुढे हरितक्रांती झाली ती केवळ शेतीची सुधारणा नव्हती. दाण्यासाठी परक्या बंदराकडे डोळे लावून बसणाऱ्या देशाने अलिप्ततेची भाषा करावी, यातील विसंगती राज्यकर्त्यांना तेव्हा पुरती उमजली होती.

खटका कोणाच्या हाती?

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि दोन गटांपैकी एक नाहीसा झाला. मग अलिप्त राहावयाचे ते कोणापासून, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. चळवळ नावापुरती उरली, असे म्हणणारे वाढले. सदस्यांची संख्या १२० वर गेली, जानेवारी २०२४ मध्ये कंपाला येथे एकोणिसावी परिषदही भरली. परंतु २०१६ च्या मार्गारिटा व २०१९ च्या बाकू परिषदांना भारताच्या वतीने पंतप्रधान न जाता उपराष्ट्रपती गेले, यावरून दिल्लीच्या दृष्टीने तिचे महत्त्व किती बदलले आहे ते कळते. ‘अलिप्तता’ या शब्दाची जागा आता ‘सामरिक स्वायत्तता’ या जरा जड शब्दाने घेतली आहे. शब्द बदलला तरी आशय ओळखीचा आहे. अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया यांच्यासह क्वाडमध्ये बसणारा भारत रशिया व चीन यांच्यासह ब्रिक्समध्येही बसतो. आणि अमेरिकी निर्बंधांची धमकी असतानाही २०१८ मध्ये त्याने रशियाशी एस-४०० या प्रक्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचा करार केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकले. तोपर्यंत भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांत तो तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक झाला. स्वस्त तेल घेणे हा आपला अधिकार आहे, अशी भारताची भूमिका राहिली. त्याची किंमत पुढे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क बसविले. आधीचे धरून ते ५० टक्के झाले. कापड, दागिने, अभियांत्रिकी माल यांच्या निर्यातदारांच्या मागण्या थंडावल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मृदाधातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि पुण्याच्या परिसरातील मोटार व दुचाकी कारखान्यांना साठे मोजत बसावे लागले. एका बाजूने बाजारपेठ अडली, दुसऱ्या बाजूने कच्चा माल. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे न्हावा-शेवाहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, ते निराळेच. त्या बंदराला १९८९ मध्ये कार्यान्वित होताना जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आलेले आहे, हा योगायोग मनोरंजक म्हणावा की सूचक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु तारापूरची खरी आठवण करून देणारी घटना यांहून लहान आणि अधिक बोधप्रद आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांच्या नव्या यादीत नायरा एनर्जी या कंपनीचा समावेश केला. गुजरातेत वाडीनार येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि तिच्या भांडवलात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. संयुक्त राष्ट्रांनी न घातलेले असे एकतर्फी निर्बंध भारत मानीत नाही. तरीही यादी जाहीर झाल्यावर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने नायराला दिलेल्या संगणकीय सेवा थांबविल्या. टपाल बंद, साठवलेली माहिती हाताबाहेर. या सेवांचे पैसे पूर्ण भरलेले असून भारतीय वा अमेरिकी कायद्याने त्या थांबविण्याची गरज नव्हती, असे नायराचे म्हणणे होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पुन्हा सुरू झाल्या. तेलाचा कारखाना भारतात, कामगार भारतीय, कायदा भारतीय. खटका मात्र परदेशात. तारापूरचे युरेनियम बंद होण्यास स्फोटानंतर काही वर्षे लागली होती आणि दुसरा पुरवठादार शोधण्यास तेवढा अवधी मिळाला होता. येथे अवधी दिवसांचा होता.

रबाळे, महापे, ऐरोली या पट्ट्याचे या घटनेशी नाते निकटचे आहे. जेथे पूर्वी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने दिसत, तेथे आता डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. बँकांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी, सरकारी कार्यालयांचे दप्तर यांची साठवण अशाच इमारतींत होते. ही माहिती देशाच्या भूमीवर आहे, एवढ्याने समाधान मानावे असे कित्येकांना वाटते. परंतु भूमी आपली असणे आणि खटका आपल्या हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तारापूरही आपल्याच भूमीवर होते. या इमारतींतील शक्तिशाली प्रोसेसर परदेशी आहेत, त्यांवर चालणाऱ्या कित्येक प्रणालींचे परवाने परदेशी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेस लागणाऱ्या प्रोसेसरांच्या निर्यातीचा एक नियम जाहीर केला. त्यात मोकळीक मिळालेल्या निवडक मित्रराष्ट्रांत भारताचे नाव नव्हते. तो नियम मे महिन्यात मागे घेण्यात आला. तथापि जगाची वाटणी कोणत्या रेषेवर होऊ शकते, त्याचा नकाशा त्या चार महिन्यांत सर्वांस दिसला. एकोणीसशे पन्नाशीत ती रेषा सैन्यगटांची होती. आता ती पुरवठ्याच्या साखळीची आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना, वॉशिंग्टनला आणि बीजिंगला, हातात कात्री आहे.

यावर परदेशी वस्तू वापरूच नयेत, असा सल्ला देणारेही आहेत. तो सल्ला ट्रॉम्बेनेही मानला नव्हता, माझगावनेही नाही. सगळेच घरी बनविण्याचा हट्ट धरला असता तर ‘गोदावरी’ पाण्यात उतरलीच नसती. प्रश्न असा आहे की एक पुरवठा तुटला तर दुसरा कोठून जोडावयाचा हे ठाऊक आहे काय, आणि दुसरा मिळेपर्यंत भट्टी धगधगती ठेवण्याइतके ज्ञान घरात आहे काय. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहकांच्या उत्पादनासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्याकडे या दृष्टीने पाहावयास हवे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय भाषांसाठी भारतजेन हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प शासनाच्या साहाय्याने सुरू झाला. त्याचे नेतृत्व खाडीपलीकडील पवईच्या त्याच संस्थेकडे आहे, जिच्या पहिल्या प्रयोगशाळांत सोव्हिएत यंत्रे बसविली होती. त्यात मराठीही आहे. तो ज्या प्रोसेसरांवर चालतो, ते मात्र अद्याप बाहेरूनच आणावे लागतात.